ओट्सचे बार: ओव्हन नको, मूठ वळता आली पाहिजे

पहिल्यांदा केलेले ओट्सचे बार आम्ही घरी चमच्यानं खाल्ले. थाळीत झकास थापले होते, वरून बदामाचे काप लावले होते, दोन तास फ्रीजमध्येही ठेवले होते. सुरी लावली आणि अख्खी थाळी भुसभुशीत होऊन ढासळली. शेजारच्या काकू विरजण मागायला आल्या होत्या. थाळीत डोकावून म्हणाल्या, "काय वं, गोड चिवडा केला का?" मी त्यांना मोबाइलवरची कृती दाखवायला गेले, तर त्यांनी तिकडे पाहिलंही नाही. थाळीतलं मूठभर मिश्रण उचललं, दाबलं आणि मूठ उघडली. सगळं बोटांमधून गळलं. "मूठ वळून नाही राहिली, अन् वड्या पाडाले बसली तू."

बार हे नाव नवं आहे, पदार्थ नवा नाही. कोरडं भाजून घ्यायचं, चिकट काहीतरी गरम करून त्यात कालवायचं, थापायचं, कापायचं. तिळाची वडी, राजगिऱ्याची वडी, सगळ्यांची हीच रीत. ज्या घरात संक्रांतीला तिळगूळ होतो, त्या घरातल्या कुणालाही हे जमतं. फक्त ओट्स हे तिळापेक्षा आणि दाण्यापेक्षा जास्त कोरडं, जास्त शोषून घेणारं धान्य आहे, म्हणून प्रमाण बदलतं. ते प्रमाण मी खाली देते आहे. माझा भाचा नागपुरात खोली घेऊन शिकतो आहे, त्याच्याकडे एक शेगडी, एक कढई आणि एक मिक्सर एवढंच आहे. त्याला समजावं अशा बेतानं हे लिहिलंय.

ओव्हन का लागत नाही, हा प्रश्न त्यानंच विचारला होता. दुकानात मिळणारे रोल्ड ओट्स कच्चे नसतात. कारखान्यात दाण्याचं टरफल काढतात, त्याला वाफ देतात आणि मग रुळांमधून दाबून चपटे करतात, आपल्या पोह्यांसारखे. त्यामुळे ते तसेच खाल्ले तरी चालतात. आपण भाजतो ते चवीसाठी आणि त्यातली ओल घालवण्यासाठी.

सामान

साधारण २० सेंटिमीटर लांबरुंद चौकोनी डबा किंवा तेवढीच काठाची थाळी धरली, तर यात १६ बार होतात.

रोल्ड ओट्स १८० ग्रॅम
फल्लीदाणे (शेंगदाणे) १६० ग्रॅम
तीळ २ मोठे चमचे
जवस २ मोठे चमचे
गूळ १२० ग्रॅम, चिरून
मध २ मोठे चमचे
तूप १ मोठा चमचा, शिवाय हाताला आणि थाळीला लावायला थोडं
पाणी २ मोठे चमचे
वेलचीपूड आणि मिठाची चिमूट

काटा नसेल तर २४० मिलीचा मोठा मग घ्या. ओट्स दोन मग, दाणे एक मगाला किंचित वर, चिरलेला गूळ पाऊण मगाच्या आसपास. पण एकदा तरी काट्यावर मोजून बघा, कारण या सगळ्याच्या मागे एक सोपा हिशेब आहे. सुकं सामान आणि चिकट सामान वजनाला जवळजवळ सारखं. इथे ओट्स, तीळ, जवस आणि भरड दाणे मिळून २८० ग्रॅम होतात. गूळ, मध, तूप आणि उरलेल्या दाण्यांचा लगदा मिळून २७५ च्या घरात. हे डोक्यात ठेवलं की पुढे दाण्यांऐवजी काजू, तिळाऐवजी भोपळ्याच्या बिया, काय हवं ते बदला. जेवढं सुकं वाढवाल तेवढं चिकट वाढवायचं. माझा गोड चिवडा झाला तो इथेच. पौष्टिक करायच्या नादात मी दोन मुठी मुरमुरे आणि वाटीभर सुकं खोबरं जास्तीचं ढकललं होतं आणि गूळ तेवढाच ठेवला होता.

ओट्सचं पाकीट घेताना नीट वाचा. रोल्ड हवेत. इन्स्टंट ओट्स फार बारीक असतात, त्यांचा बार दाट आणि पिठूळ होतो. चालतो, पण दाताखाली काही लागत नाही. स्टील-कट म्हणजे कापलेले दाणे, ते शिजवावेच लागतात, इथे अजिबात नको. आणि पाकिटावर मसाल्याचं चित्र असेल तर ते परत फडताळात ठेवा.

गूळ साधा, मऊसर, काळपट असला तरी हरकत नाही. चिक्कीचा गूळ म्हणून वेगळा मिळतो तो कडक कुरकुरीत चिक्कीसाठी. आपल्याला चावायला सोपा बार हवाय. दाणे, तीळ, जवस, चारोळी हे सगळं सुटं घ्यायचं तर नागपूरच्या इतवारी बाजारात मस्कासाथच्या बाजूला एक चक्कर मारा. कोपऱ्यावरच्या दुकानातही मिळतंच, पण इतवारीत जवस हातात घेऊन बघता येतं. बोटांवर घासलं की तेलकट गुळगुळीत लागलं पाहिजे आणि वास खवट यायला नको. दाण्यांचंही तसंच. एक तोंडात टाका. खवट दाणा एकच असला तरी अख्ख्या थाळीला वास लावतो.

भाजणं

जाड बुडाची कढई घ्या आणि प्रत्येक वस्तू वेगळी भाजा. सगळं एकदम टाकायचा मोह होतो, पण तीळ करपतात तेव्हा दाणे अजून कच्चेच असतात.

आधी दाणे. मंद आचेवर, हलवत, साल तडकून सुटायला लागेपर्यंत. ताटात काढून गार होऊ द्या, मग दोन्ही तळव्यांमध्ये चोळून सुपात पाखडा. भाच्याकडे सूप नाही, तो गच्चीवर जाऊन ताटावर फुंकर मारतो आणि सालं शेजाऱ्यांच्या वाळवणावर जातात. तुम्ही मोठ्या चाळणीत घोळलं तरी चालेल.

मग जवस. ते तडतडायला लागलं की एक मिनिट थांबून काढा. जवसाचा दाणा अख्खा राहिला तर तो तसाच पोटातून निघून जातो, म्हणून गार झाल्यावर मिक्सरच्या लहान भांड्यात एकदाच फिरवून भरड करा. त्यानंतर तीळ, ते दोन मिनिटांत फुगतात.

शेवटी ओट्स. इथे घाई करू नका. मंद आचेवर सहा ते आठ मिनिटं. आधी काहीच होत नाही असं वाटतं, मग एकाएकी पोळी शेकताना येतो तसा वास सुटतो. रंग अगदी किंचित बदलतो. एक दाणा गार करून चावा. कडकन तुटला पाहिजे. पावसाळ्यात पाकीट उघडून आठवडा झाला असेल तर ओट्स सादळलेले असतात, तेव्हा आणखी दोन-तीन मिनिटं द्या. ओल राहिली तर पाक कितीही चांगला झाला तरी बार दुसऱ्या दिवशी मऊ पडतो.

आता १६० ग्रॅम दाण्यांतले साठ ग्रॅम बाजूला काढून खलबत्त्यात भरड कुटा. उरलेले शंभर ग्रॅम मिक्सरमध्ये. आधी कूट होईल, मग त्याचे गोळे भांड्याला चिकटतील, तिथे बहुतेक जण थांबतात. थांबू नका. झाकण काढून चमच्यानं कडा खाली ओढा, मिक्सरला दोन मिनिटं विश्रांती द्या, पुन्हा फिरवा. चार-पाच वेळा असं केलं की दाण्यांचं तेल सुटतं आणि चमचा तिरका केल्यावर ओघळेल असा लगदा तयार होतो. विकतचं पीनट बटर वापरलं तरी चालतं. फक्त त्यात आधीच साखर आणि मीठ असेल तर आपलं मीठ वगळा.

पाक

खरं काम इथेच आहे. बाकी सगळ्या पायऱ्यांत चूक झाली तर निभावून नेता येते, पाकात झाली तर बार एकतर ढासळतो नाहीतर दगड होतो.

आधी थाळीला बटर पेपर लावून, त्यावर तुपाचा हात फिरवून तयार ठेवा. सुकं सामान एका मोठ्या परातीत एकत्र करून हाताशी ठेवा. एका वाटीत गार पाणी घ्या. पाक झाल्यावर हे शोधत बसाल तर तो कढईतच घट्ट होईल.

कढईत गूळ आणि दोन चमचे पाणी. मंद आच. गूळ पूर्ण विरघळला की गाळून घ्या, कारण गुळात कधी रेतीचा कण, कधी उसाचं चिपाड निघतंच. गाळलेला गूळ परत कढईत. आता तो उकळायला लागेल. सुरुवातीला मोठे, पातळ बुडबुडे येतात आणि फुटतात. मग बुडबुडे लहान होतात, दाट होतात आणि पाक वर फुगून येतो. इथून पुढे नजर हलवू नका.

चमच्याच्या टोकानं एक थेंब गार पाण्यात टाका. पाण्यात पसरून विरघळला तर अजून कच्चा. तळाशी बसला आणि बोटांनी गोळा करता आला, मऊ लोण्यासारखी गोळी झाली, ताटलीवर ठेवली की स्वतःच्या वजनानं जरा बसली, तर झालं. हाच आपला पाक. गोळी कडक झाली आणि वाटीवर आपटल्यावर टक्‌ असा आवाज आला तर तो चिक्कीचा पाक, आपल्यासाठी पुढे गेलेला. थर्मामीटर असेल तर ११२ ते ११६ अंशांच्या दरम्यान थांबा. या दोन अवस्थांमध्ये मंद आचेवरही मिनिटभराचंच अंतर असतं, म्हणून थेंब टाकून बघताना गॅस एकदम बारीक करा.

एकदा नेमका याच क्षणी दारावर सिलिंडरवाला आला. मी पैसे देऊन परत आले तोवर पाकाचा रंग गडद झाला होता. म्हटलं चालेल. नाही चालला. ते बार नंतर बत्त्यानं फोडून दुधात टाकावे लागले.

मऊ गोळी झाली की गॅस बंद. लगेच तूप, दाण्यांचा लगदा, मध, वेलची, मीठ घाला आणि भराभर एकजीव करा. मध शेवटी घालायचं कारण निव्वळ चव नाही. नुसता गूळ किंवा साखर आटवली की गार होताना त्याचे कण बनायला लागतात आणि वडी रवाळ, ठिसूळ होते. मधातल्या साखरा वेगळ्या जातीच्या असतात, त्या हे कण बनू देत नाहीत. बार चावायला मऊ राहतो. मध नको असेल तर गूळ दीड चमचाभर वाढवा, पण बार थोडा कडक होईल हे धरून चाला. आणि घरात वर्षाच्या आतलं बाळ असेल तर मध असलेला बार त्याला चाटवूही नका. मधातल्या काही जिवाणूंचे बीजकण मोठ्यांना बाधत नाहीत, पण इतक्या लहान बाळाला त्यातून गंभीर आजार होऊ शकतो.

मूठ

कढईतलं मिश्रण परातीतल्या सुक्यावर ओता. उलथन्यानं, म्हणजे आमच्याकडच्या सराट्यानं, खालून वर असं कालवा. पहिलं अर्ध मिनिट वाटतं की एवढ्या ओट्सना एवढासा पाक कसा पुरणार. पुरतो. प्रत्येक दाण्याला चकाकी आली की थांबा. हात लगेच घालू नका, पाक उकळत्या पाण्यापेक्षा जास्त तापलेला असतो आणि कातडीला चिकटून बसतो. मिनिटभर थांबा.

मग हाताला तूप लावून काकूंसारखी मूठ भरा. दाबा, उघडा. तळहातावर बोटांचे ठसे उमटलेला एक लांबट गोळा राहिला, त्याला दुसऱ्या हाताच्या बोटानं टोचलं तरी तो फुटला नाही, तर पुढे जा. कडा झरत असतील तर दोन चमचे मध किंवा दाण्यांचा लगदा किंचित कोमट करून घाला. पाणी घालू नका. दूध तर मुळीच नको. उलट मिश्रण हाताला चिकटून तार येत असेल आणि गोळा हळूहळू पसरत असेल तर मूठभर भाजलेले ओट्स किंवा मुरमुरे टाका. मूठ वळेपर्यंत थाळीकडे जायचंच नाही.

थापणं आणि कापणं

मिश्रण गरम असतानाच थाळीत पसरा. वर बटर पेपरचा दुसरा तुकडा ठेवा आणि सपाट बुडाच्या वाटीनं दाबायला लागा. नवशिके इथे लाजतात. वरून गोंजारल्यासारखं करतात. अंगाचा भार टाका. मधून सुरुवात करून कडेला जा आणि चारही कोपरे अंगठ्यानं ठासून भरा, कारण बार तुटतो तो नेहमी कोपऱ्यातला. शेवटी लाटणं फिरवून वरचा भाग सपाट करा. थाळीवर दुसरी थाळी आणि तिच्यावर डाळीचा भरलेला डबा ठेवून पंधरा मिनिटं विसरून जा.

पंधरा मिनिटांनी डबा उचला. थाळीचं बूड हाताला कोमट लागायला हवं. आता सुरीला तूप लावून रेघा पाडा, चार उभ्या पट्ट्या, चार आडव्या. सुरी करवतीसारखी मागेपुढे ओढू नका, वरून सरळ खाली दाबा. पूर्ण गार झाल्यावर, म्हणजे तासाभरानं, त्याच रेघांवर पुन्हा दाबून तुकडे सुटे करा. पूर्ण गार झाल्यावर पहिल्यांदा सुरी लावाल तर रेघ सोडून भलतीकडेच तडा जाईल.

एका बारमध्ये माझ्या हिशेबानं साधारण १६० कॅलरी पडतात. म्हणजे दोन खाल्ले की चांगला नाश्ता झाला, सहा खाल्ले की जेवण झालं. गुळाचा आहे म्हणून मधुमेहवाल्यांनी बिनधास्त खावा असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. रक्तात गेल्यावर गूळही साखरच असतो. डबा दुसऱ्या कुणाला देणार असाल तर दाण्यांची ॲलर्जी आहे का हे आधी विचारा.

पाकाची भीती वाटत असेल तर

खजूर घ्या. मऊ, बिया काढलेला २०० ग्रॅम खजूर मिक्सरमध्ये फिरवून गोळा करा. त्यात भाजलेले १५० ग्रॅम ओट्स, ७५ ग्रॅम भरड दाणे किंवा बदाम, एक चमचा तूप, मिठाची चिमूट. हातानं मळा, मूठ वळते का बघा, थापा, दोन तास फ्रीजमध्ये ठेवा आणि गार असतानाच कापा. खजूर सुकलेला असेल तर दहा मिनिटं गरम पाण्यात घालून घट्ट पिळून घ्या. गॅस फक्त भाजण्यापुरता. भाच्याला मी हाच प्रकार आधी शिकवला. चवीला छान लागतो, पण तो मऊच राहतो आणि फ्रीजबाहेर फार टिकत नाही.

संत्र्याची हौस

नागपुरात राहून संत्रं घातलं नाही असं होतं का. मीही घातलं, रस. चार चमचे ताजा रस पाकात ओतला. पाक पुन्हा पातळ झाला, बार कधी धरलेच नाहीत, आणि तिसऱ्या दिवशी डब्यात पांढरी लव दिसली. या बारचा शत्रू एकच, पाणी, आणि संत्रं म्हणजे जवळजवळ सगळं पाणीच.

संत्र्याची चव हवी असेल तर साल वापरा. आपल्या संत्र्याची साल सैल आणि पातळ असते, त्यामुळे फळावरच किसणीनं किसायला गेलं तर ती फाटते आणि बोटं खरचटतात. त्यापेक्षा फळ कोमट पाण्यानं नीट धुवा, सोला, आणि सालीच्या आतला पांढरा भाग चमच्याच्या कडेनं खरवडून टाका. कडूपणा तिथेच असतो. मग गच्चीवर उन्हात वाळवा. संत्र्याचे बहार, म्हणजे फुलण्याचे हंगाम, दोन. आंबिया बहाराची संत्री दिवाळीच्या मागेपुढे येतात तेव्हा वाळायला तीन-चार दिवस लागतात. मृग बहाराची फेब्रुवारी-मार्चमध्ये येतात, तेव्हा उन्हाला धार आलेली असते आणि दोन दिवसांत साल कडकडीत होते. मिक्सरमध्ये पूड करून बाटलीत भरून ठेवा. एका थाळीला एक लहान चमचा बास. ती सुक्या सामानात मिसळायची, पाकात नाही, नाहीतर करपल्यासारखी लागते. जवस आणि संत्र्याची साल यांची जोडी जमते. चॉकलेटबरोबरही जमते, पण चॉकलेटचं पुढे बघू.

ऊन, पाऊस आणि कूलर

थंड मुलुखातल्या लोकांनी लिहिलेल्या बहुतेक कृतींत हे बार खोबरेल तेलावर किंवा चॉकलेटवर धरून ठेवलेले असतात. त्यांच्याकडे ते बरोबर आहे. खोबरेल २४ अंशांच्या वर वितळतं. चॉकलेटमधलं कोको बटर ३४ अंशांच्या आसपास. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि घरातल्या ओट्यावरही ३५-३६ असतं. असले बार आपल्याकडे धरून राहणार कशावर? माझी दुसरी थाळी तशीच होती, खोबरेल आणि मधावरची. ती स्कूटीच्या डिक्कीत ठेवून बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, एक काम उरकलं, परत येईपर्यंत डब्यात खिचडी झाली होती. गुळाचा पाक आटवून घ्यायचा खटाटोप त्यासाठीच आहे. पाणी उडालेला गूळ एवढ्या उन्हात मऊ पडतो, पण वितळून वाहत नाही. चॉकलेटचा थर द्यायचाच असेल तर ती हौस डिसेंबर-जानेवारीत भागवा.

आता कूलर. बाहेरची हवा मे महिन्यात कोरडीठाक असते, म्हणून वाटतं की बार उघडे ठेवले तरी चालतील. पण खोलीत कूलर चालू असतो, आणि कूलर म्हणजे ओल्या खसमधून किंवा पॅडमधून आलेली दमट हवा. गूळ हवेतलं पाणी ओढून घेतो. मी थाळी गार व्हायला कूलरसमोर ठेवली होती, लवकर होईल म्हणून. अर्ध्या तासात वरचा थर घामेजल्यासारखा चिकट झाला. थाळी स्वयंपाकघरातच, पंख्याखाली गार करा आणि तुकडे झाले की लगेच डब्यात भरा.

डबा स्टीलचा, घट्ट झाकणाचा. दोन थरांमध्ये बटर पेपर. हिवाळ्यात बाहेर दहा दिवस आरामात राहतात; थंडी फार पडली तर कडक होतात, खाण्याआधी हातात मिनिटभर धरले की पुरतं. उन्हाळ्यात फ्रीजमध्ये. पावसाळ्यात थाळी अर्ध्या प्रमाणाचीच करा, फ्रीजमध्ये ठेवा आणि पाच-सहा दिवसांत संपवा. फ्रीजमधून काढल्यावर डबा लगेच उघडू नका. आतले बार गार आणि बाहेरची हवा गरम-दमट, उघडलं की बारवर पाणी धरतं. दहा-पंधरा मिनिटं झाकण बंदच राहू द्या. प्रवासाला नेताना प्रत्येक बार वेगळ्या बटर पेपरमध्ये टॉफीसारखा पिळा. विदर्भ एक्सप्रेसनं मुंबईला जाताना संध्याकाळी असे चार बार घेऊन बसलं की रात्री फलाटावर उतरून खायला शोधावं लागत नाही.

बिघडलं तर

भुगा झाला तर तो परत कढईत टाका, तीसेक ग्रॅम गुळाचा मऊ गोळीचा पाक करून त्यात कालवा आणि पुन्हा थापा. दुसऱ्यांदा तो बहुतेक धरतो. तेवढी उमेद नसेल तर बरणीत भरा आणि सकाळी दह्यावर टाकून खा. आमच्याकडे पहिली थाळी तशीच संपली आणि घरच्यांना तीच जास्त आवडली, हेही सांगून टाकते.

मऊ, लिबलिबीत झाले तर हाताला तूप लावून लाडू वळा. वरून भाजलेल्या तिळात घोळवले तर मुद्दाम केल्यासारखे दिसतात. दगड झाले तर बत्त्यानं फोडून गरम दुधात. खवट वास आला तर मात्र मन घट्ट करून फेका, जुन्या दाण्यांवर इलाज नाही.

आणि ओट्स मसाल्याचे निघाले तर त्यालाही इलाज नाही. भाच्यानं एकदा घाईत तेच पाकीट उचललं होतं. गुळाच्या पाकात कांदा-लसणाचा वास सुटला तेव्हा त्याच्या लक्षात आलं. त्यानं ती थाळीही चार दिवसांत संपवली, पण तो बावीस वर्षांचा आहे.